बेगम, पेढी आणि बुलढाण्याचा साहेब

नाना फडणीस गेले आणि त्यांच्याबरोबर मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयमही गेला, या अर्थाचा एका इंग्रजाचा अभिप्राय आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांचा मृत्यू झाला, तेव्हा विल्यम पामर हा तिथला इंग्रज रेसिडेंट होता. त्याने वरिष्ठांना कळवलेला तो अभिप्राय. वाक्य पाठ असतं, पण ते लिहिणाऱ्याचं घर कसं होतं हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. पामर जिला आयुष्याची जोडीदारीण मानत होता ती फैज बख्श नावाची मुसलमान बेगम होती. दोघांना मुलं होती. त्यातला एक मुलगा हैदराबादेत सावकार झाला, त्याची मुलगी निजामाच्या फौजेतल्या एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याला दिली, आणि तो जावई १८५७ च्या धामधुमीत बुलढाण्याला जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणून येऊन बसला. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

एखाद्या इंग्रज घराण्याचा वंशवृक्ष बुलढाण्यातून शोधायचा तर माझ्या मते सुरुवात याच नावापासून करावी. इथे जमिनी घेऊन, बंगले बांधून, पिढ्यानपिढ्या वस्ती करणारी इंग्रज कुटुंबं झाली नाहीत. केनिया, ऑस्ट्रेलिया इथल्या गोऱ्या वसाहतींसारखं चित्र वऱ्हाडात कधीच नव्हतं. हिंदुस्थानात युरोपीय माणसाला परवान्याशिवाय राहायला आणि जमीन धरायला मोकळीक मिळाली तीच मुळी १८३३ च्या सनदी कायद्याने, आणि वऱ्हाड तेव्हा निजामाच्या अमलाखाली होतं. नंतर जे आले ते अधिकारी, रेल्वेवाले आणि कापसाचे व्यापारी. खामगावच्या बाजारात रॅली ब्रदर्स आणि व्होलकार्ट ब्रदर्स यांची नावं मोठी, पण पहिले मूळचे ग्रीक आणि दुसरे स्वित्झर्लंडचे. जलंब ते खामगाव हा कापसासाठी टाकलेला लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला होता. त्या काळी या मुलखात कापूस खात्याचा कमिशनर असलेला रिव्हेट-कार्नॅक हा मुंबईचा एकेकाळचा गव्हर्नर जेम्स रिव्हेट-कार्नॅक याच्याच घराण्यातला. अशा घराण्यांचे वंशवृक्ष इंग्लंडमध्ये छापील मिळतात आणि त्यात शोधण्यासारखं फार उरत नाही. पामर-टेलर घराण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची अर्धी मुळं इंग्लंडमध्ये आणि अर्धी दिल्ली-लखनौत आहेत, आणि त्याच्या व्यवहाराचा वऱ्हाडच्या नशिबाशी थेट संबंध आहे.

टेलरपासून वर जाऊ. त्याचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. वडील व्यापारी, त्यांचंही नाव फिलिप मेडोज टेलरच. मेडोज हे मुळात आडनाव. नॉरिच शहरातल्या टेलर कुटुंबात ते लग्नातून आलं आणि पुढच्या पिढ्यांत मधलं नाव म्हणून राहिलं. इंग्रज घराण्यांची ही पद्धत वंशावळ शोधणाऱ्याला फार उपयोगी पडते. माहेरचं आडनाव मुला-नातवांच्या नावात टिकून राहतं आणि कागदावर आईचं नाव नसलं तरी ती कुठल्या घरची हे कळतं. टेलरची आई मिटफर्ड घराण्यातली, नॉर्थम्बरलंडमधल्या मिटफर्ड किल्ल्याशी नातं सांगणाऱ्या कुळातली. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नामांकित नियतकालिकाचा संपादक हेन्री रीव्ह हा टेलरचा नातेवाईक. त्याची आई नॉरिचच्या टेलरांचीच. टेलरचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा प्रस्तावना रीव्हनेच लिहिली. ही बाजू सरळ आहे. चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रं, चरित्रकोश यांच्या आधाराने तिचा माग काढता येतो.

पंधरा वर्षांचा टेलर १८२४ मध्ये मुंबईला आला तो एका व्यापारी पेढीत नोकरी करायला. पेढी डबघाईला आलेली निघाली. मुंबई सरकारात वरच्या जागेवर असलेल्या एका नातेवाइकाच्या ओळखीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका घटनेने ठरलं, आणि शोधणाऱ्याची पहिली अडचणही इथेच सुरू होते. टेलर हा कंपनीच्या बंगाल, मद्रास किंवा मुंबई या तिन्हीपैकी कुठल्याच सैन्यातला नव्हता. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर मांडलेलं. त्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तीन इलाख्यांप्रमाणे तीन मालिकांत लावलेल्या आहेत. हैदराबाद आणि वऱ्हाड हे या तिन्हीपैकी कुठल्याही इलाख्याचा भाग नव्हते. तिथे कंपनीचा रेसिडेंट होता, पण राज्य निजामाचं. म्हणून या मुलखातल्या माणसांचा शोध घेणाऱ्याला एका मालिकेवर भिस्त ठेवता येत नाही. तिन्ही चाळाव्या लागतात, वर हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या या फौजेच्या, अधिकाऱ्यांच्या याद्या पाहाव्या लागतात.

आता पामरांकडे. थोरला विल्यम पामर तरुणपणी वेस्ट इंडिजमध्ये होता. सेंट किट्स बेटावर सेरा हेझल हिच्याशी त्याचं लग्न झालं. तिच्यापासूनच्या मुलांपैकी जॉन पामर पुढे कलकत्त्याचा इतका मोठा व्यापारी झाला की त्याला व्यापाऱ्यांचा राजा म्हणत. त्याची पेढी १८३० मध्ये कोसळली आणि कलकत्त्यातल्या अनेक घरांची पुंजी बुडाली. हिंदुस्थानात आल्यावर थोरला पामर वॉरन हेस्टिंग्जचा लष्करी सचिव झाला, लखनौत राहिला, आणि तिथे फैज बख्श त्याच्या आयुष्यात आली. १७८५ च्या सुमाराचं, चित्रकार झोफनीच्या नावाशी जोडलं जाणारं एक मोठं तैलचित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. मध्यभागी पामर, शेजारी जमिनीवर बसलेली फैज, मांडीवर तान्हं मूल, भोवती आणखी मुलं आणि घरातल्या बायका. चित्र अपुरं राहिलेलं आहे, पण त्यात पामर इंग्रज वेशात आणि बाकी घर लखनौच्या वेशात एकाच चौकटीत बसलं आहे. अठराव्या शतकातल्या अशा घराचं याहून बोलकं चित्र मला माहीत नाही.

या चित्रातल्या फैजला मोगल राजकन्या म्हणण्याची रीत फार वर्षं चालली. वंशावळीच्या कामात अशी बढती नेहमी भेटते. चार पिढ्यांनंतर दूरची आजी राजकन्या होते आणि आजोबा सरदार होतात. अभ्यासकांनी जमवलेले पुरावे फैजचे वडील इराणी वंशाचे घोडदळातले अधिकारी असल्याचं सांगतात. मला तरी राजकन्येपेक्षा ही स्त्री जास्त मोलाची वाटते. पामरच्या पुण्यातल्या नेमणुकीच्या काळात ती त्याच्याबरोबर होती. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याची पत्नी खैरुन्निसा हिच्याशी तिची घट्ट मैत्री होती. पामर १८१६ मध्ये वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात तिचा नावानिशी उल्लेख केला, पस्तीस वर्षांहून अधिक काळची आपली स्नेही आणि सोबतीण म्हणून. हे मृत्युपत्र वंशावळीच्या दृष्टीने अनमोल आहे. त्या काळच्या चर्चच्या वह्यांत गोऱ्या बापाच्या मुलाच्या बाप्तिस्म्यापुढे आईच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘एक नेटिव्ह स्त्री’ एवढंच लिहिलेलं असतं. बापाचं नाव, हुद्दा, पलटण सगळं असतं आणि जिने मूल जन्माला घातलं तिचं नाव नसतं. हजारो कुटुंबांची झाडं या एका ओळीपाशी तुटतात. पामरने मृत्युपत्रात नाव लिहिलं म्हणून हे झाड तुटलं नाही.

फैजची एक बहीण होती, नूर. तिचा संसार बेन्वा द बॉइन्य याच्याशी. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या तो हाच, आपल्याकडे डिबॉईन म्हणून ओळखला जाणारा सेनापती. म्हणजे महादजींचा सेनापती आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट हे नात्याने साडू होते. मराठी राजकारणाच्या पुस्तकांत ही दोघं दोन वेगळ्या प्रकरणांत भेटतात, घराच्या नकाशावर मात्र शेजारी. महादजी १७९४ मध्ये गेले, डिबॉईन १७९७ मध्ये नूर आणि मुलांना घेऊन युरोपला परतला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने एका फ्रेंच उमराव घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. नूर इंग्लंडमध्येच राहिली, हेलेना बेनेट या नावाने. ससेक्समधल्या हॉरशॅम गावी १८५३ च्या डिसेंबरमध्ये ती वारली आणि तिथेच तिची कबर आहे. तिचा मुलगा अली बख्श हा शार्ल अलेक्झांद्र झाला आणि बापाच्या फ्रान्सकडच्या सावॉय प्रांतातल्या इस्टेटीचा वारस ठरला. नाव बदललं की माणूस कागदावरून नाहीसा होतो. हेलेना बेनेट हे नाव घेऊन कोणी लखनौपर्यंत पोचणार नाही. जन्मनाव ठाऊक असेल तरच दोन्ही टोकं जुळतात.

फैजचा मुलगा विल्यम पामर १७८० चा. शिक्षण इंग्लंडमध्ये झालं, पण कंपनीच्या फौजेचं दार त्याला बंद होतं, कारण १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी हिंदी आईच्या मुलांना अधिकारपदं द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. बाप रेसिडेंट, पण मुलगा कंपनीचा साधा लेफ्टनंट होऊ शकत नव्हता. म्हणून तो निजामाच्या चाकरीत गेला. वंशवृक्षातल्या फांद्या अशा का वळतात याचं उत्तर बरेचदा कुटुंबात नसतं, एखाद्या सरकारी ठरावात असतं. काही वर्षांनी फौज सोडून त्याने हैदराबादेत ‘विल्यम पामर आणि कंपनी’ ही पेढी काढली.

ही पेढी समजल्याशिवाय वऱ्हाडचा इतिहास पुरता समजत नाही. निजामाला इंग्रजांच्या देखरेखीखालच्या फौजेचे पगार वेळेवर द्यावे लागत, आणि तिजोरीत रोकड नसे. पामरची पेढी औरंगाबाद-वऱ्हाडकडच्या या फौजेसाठी आगाऊ रकमा देई आणि बदल्यात महसुलाच्या वसुलीवर हक्क लिहून घेई. व्याज शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत जाई. युरोपीयांनी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा कायदा होता, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने (हा वॉरन हेस्टिंग्ज नव्हे) १८१६ मध्ये पेढीला सवलत दिली. पेढीतला एक भागीदार विल्यम रंबोल्ड याची बायको हेस्टिंग्जच्या आश्रयाखाली वाढलेली होती. पुन्हा नातं आडवं आलं. १८२० मध्ये पेढीने निजामाला साठ लाखांचं कर्ज दिलं. त्याच वर्षी रेसिडेंट होऊन आलेला चार्ल्स मेटकाफ हिशेब तपासू लागला आणि प्रकरण लंडनपर्यंत गाजलं. शेवटी १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून मिळणारी सात लाखांची वार्षिक रक्कम निजामाने कायमची सोडली आणि त्या मोबदल्यात पामरांचं कर्ज भागवलं गेलं. पेढी लवकरच बुडाली.

कर्ज फिटलं, पण ज्या फौजेच्या पगारासाठी ते घेतलं होतं ती फौज आणि तिचा खर्च तसाच राहिला. पगार थकत गेला, तो कंपनी भरू लागली आणि निजामाच्या नावावर लिहू लागली. १८५३ पर्यंत हा आकडा पंचेचाळीस लाखांच्या वर गेला. २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडचा धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली घेतला. ज्या शेतकऱ्याने फौज मागितली नव्हती आणि कर्जही काढलं नव्हतं, त्याचा सारा यापुढे त्या फौजेकडे जाणार होता. मेहकर-चिखलीच्या कुणब्याच्या बाजूने हा इतिहास पाहिला की मनात संताप उरतो, आणि तो उरावा असं मला वाटतं.

नव्याने मिळालेल्या वऱ्हाडचे सुरुवातीला दोनच जिल्हे केले. दक्षिणेचं ठाणं हिंगोली, उत्तरेचं बुलढाणा. उन्हाळ्यातही हवा बरी, म्हणून घाटमाथ्यावरचं हे लहानसं गाव साहेबांना मानवलं. टेलरला आधी नळदुर्गचा जिल्हा मिळाला होता. तिथे तो मोजणी, रस्ते, तलाव या कामांत रमला. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव पेटला, औरंगाबादच्या घोडदळातही जूनमध्ये अस्वस्थता उफाळली, आणि रेसिडेंटने टेलरला बुलढाण्याला पाठवलं. देण्यासारखी फौज नाही, जमेल तसं निभावून न्या, असा एकूण आदेश होता. त्याने ते निभावलं. सैन्याशिवाय जिल्हा शांत राहिला, शिवाय मद्रासकडून मध्य हिंदुस्थानात निघालेल्या जनरल व्हिटलॉकच्या फौजेसाठी वाहतुकीची जनावरं त्याने इथून गोळा करून दिली. इंग्रज चरित्रकारांनी ही कामगिरी टेलरच्या कर्तबगारीत मोजली आहे. तो भाषा जाणत होता, लोकांत बसत होता, हे खरंच. पण ती जनावरं वऱ्हाडी गोठ्यांतली होती आणि ती निघाली होती आपल्याच देशातल्या लोकांविरुद्धच्या मोहिमेवर, हेही त्याच पानावर लिहिलं जायला हवं.

टेलरची बायको मेरी ही या सावकार पामरची मुलगी, फैज बख्शची नात. टेलर बुलढाण्याला आला त्याच्या बरीच आधी ती वारली होती. सासरा मात्र हैदराबादेत हयात होता आणि १८६७ पर्यंत जगला. नकाशा असा जुळतो: सासऱ्याच्या पेढीने ज्या फौजेचे पगार भागवले, तिच्याच थकबाकीपोटी पुढे वऱ्हाड गहाण पडलं, आणि त्या गहाण मुलखातला एक जिल्हा सांभाळायला जावई आला. कोणी ठरवून केलेला हा डाव नव्हता. हैदराबादेतलं इंग्रज वर्तुळ इतकं लहान होतं की तीच कुटुंबं सगळीकडे भेटणार. तरीही वंशवृक्षाशेजारी खतावणी उघडून ठेवली तर इतिहास जसा दिसतो तसा नुसत्या नावांनी दिसत नाही.

टेलरला आपण आणखी एका कारणाने ओळखतो. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये गाजली. १८६३ ची ‘तारा’ ही शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या काळातली, तुळजापूरच्या आसपास घडणारी. नळदुर्गला काढलेली वर्षं तिच्या मागे आहेत. १८५८ मध्ये तो बुलढाण्याहून शोरापूरला गेला, १८६० मध्ये तब्येत ढासळल्यामुळे निवृत्त झाला. त्याच वर्षीच्या नव्या तहाने नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. टेलर १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मेंतों इथे वारला. आत्मचरित्र छापण्याचं काम त्याच्या मुलीने, ॲलिसने केलं. ॲलिसपासून वर चढत गेलं तर आई मेरी, तिचा बाप सावकार विल्यम, त्याची आई फैज आणि फैजची बहीण नूर. चार पायऱ्यांत बुलढाण्याचा साहेब महादजींच्या सेनापतीच्या घरात पोचतो. बापाच्या बाजूने चढत गेलेला माणूस मात्र नॉरिचलाच थांबेल आणि त्याला हिंदुस्थान दिसणारच नाही. आपल्या वंशावळींतही लेकीसुना अशाच गळतात. म्हणून घराणं कोणाचंही असो, शोध आईच्या बाजूने सुरू करावा असा माझा आग्रह आहे.

बुलढाण्यात किंवा आसपास एखाद्या जुन्या इंग्रजी थडग्यावर नाव वाचायला मिळालं तर त्याचा माग काढण्याची साधनं आता बरीच हाताशी आहेत. आय.सी.एस. अधिकारी क्रॉफ्टन याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडमधल्या थडग्यांवरचे लेख जमवून १९३२ मध्ये नागपूरला छापले, पुढे निजामाच्या राज्याचीही अशीच यादी केली. सरहद्द तहागणिक बदलली असल्यामुळे दोन्ही पाहाव्या लागतात. वऱ्हाडात नेमणुकीवर असताना मेलेला माणूस पहिल्या यादीत शोधायचा, हैदराबादेत स्थायिक झालेल्या पामरांसारख्यांसाठी दुसरी उघडायची. दगड झिजून अक्षरं गेली असतील तिथे तर या याद्याच एकमेव पुरावा ठरतात. लंडनमध्ये १९७६ पासून दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणारी एक संस्था आहे, आणि १९९८ पासून ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांची माहिती जमवणारी दुसरी. थोरल्या पामरसाठी मात्र लंडनला जायची गरज नाही. त्याचा पुण्यातला पत्रव्यवहार रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराच्या सहाव्या खंडात छापलेला आहे. नाना, बाजीराव, दौलतराव शिंदे यांच्याविषयी लिहिणारा हा माणूस वाचताना घरात फैज बख्श आहे, हे लक्षात ठेवून तो खंड उघडावा.